जपानला जाण्याआधीची दोन वर्षे

परदेशी शिक्षणाचा विषय घरात निघाला, की आधी हिशेबाचा कागद पुढे येतो. जपानच्या बाबतीत हा कागद मोठा दिलासा देणारा असतो. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठांचे प्रमाणित वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन आहे आणि प्रवेशाच्या वेळी एकदाच भरायची रक्कम २,८२,००० येन. सध्याच्या दराने वर्षाचे शुल्क तीन लाख रुपयांच्या आसपास पडते. तोक्यो विद्यापीठाने २०२५ पासून नव्या पदवी विद्यार्थ्यांचे शुल्क वाढवून ६,४२,९६० येन केले, तरी आपल्याकडच्या अनेक खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांपेक्षा ते फार वेगळे नाही. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती मिळाली, तर शुल्क माफ होते, विमानाचे तिकीट मिळते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा साधारण १,४३,००० ते १,४५,००० येन विद्यावेतन मिळते. अमेरिका किंवा ब्रिटनचे आकडे पाहून हबकलेल्या पालकांना हे पाहून हायसे वाटणे साहजिक आहे. या कागदावर एक रकाना मात्र कोणी आखत नाही, तो वेळेचा. जपानच्या शिक्षणाची खरी किंमत वेळात मोजावी लागते आणि तो वेळ भाषेला द्यावा लागतो. त्यातला मोठा हिस्सा इथेच, विमानात बसण्याआधी दोन वर्षे खर्च करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. जो हा वेळ इथे खर्च करत नाही, त्याला तो तिथे नको त्या क्षणी आणि कितीतरी जास्त दराने भरावा लागतो.

आज ही गोष्ट बोलायला हवी, कारण जपानचे दरवाजे कधी नव्हे इतके उघडत आहेत. १९९२ मध्ये त्या देशात अठरा वर्षांची सुमारे २० लाख मुले होती. आता हा आकडा ११ लाखांच्या आसपास आला आहे. २०२४ मध्ये तिथे सात लाखांहूनही कमी बाळे जन्मली. निम्म्याहून अधिक खासगी विद्यापीठांच्या जागा पूर्ण भरत नाहीत. त्यामुळे परदेशी विद्यार्थी ही तिथल्या शिक्षणव्यवस्थेची गरज झाली आहे. २००८ मध्ये ठरवलेले तीन लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट २०१९ मध्ये पूर्ण झाले आणि आता २०३३ पर्यंत चार लाखांचे लक्ष्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा संकल्प केला. त्यात भारतातून जाणाऱ्या ५० हजार कुशल लोकांचा समावेश आहे. असे असूनही २०२४ मध्ये जपानमध्ये शिकणाऱ्या ३,३६,७०८ परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचे प्रमाण शंभरात एकही भरत नव्हते. चीन, नेपाळ आणि व्हिएतनाम आपल्या कितीतरी पुढे आहेत. पैसा किंवा बुद्धिमत्ता कमी पडते म्हणून असे होते, हे पटण्यासारखे नाही. इंग्रजीवर भागेल अशा देशांकडे वळण्याची आपली सवय हेच मला त्याचे मोठे कारण दिसते.

यावर लगेच उत्तर येते, की आता जपानमध्येही इंग्रजीतून पदवी मिळते. ते खरे आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्लोबल ३०’ योजनेत तेरा विद्यापीठांनी पूर्ण इंग्रजी अभ्यासक्रम उभे केले. पुढे त्यांची संख्या वाढली आणि विज्ञान-अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणात तर असे पर्याय भरपूर आहेत. पण ‘शिक्षण इंग्रजीत म्हणजे सगळे इंग्रजीत’ हा निष्कर्ष आपण आपल्या अनुभवावरून काढतो. आपल्याकडे ज्ञानाची भाषा एक आणि बाजाराची भाषा दुसरी, अशी फाळणी दीड-पावणेदोनशे वर्षे चालत आली आहे. वर्गात, प्रयोगशाळेत, कचेरीत, कंपनीत इंग्रजी येत असली की महाराष्ट्रातल्या शिकलेल्या माणसाचे अडत नाही. जपानमध्ये ही फाळणी झालीच नाही, किंवा होऊ लागली होती ती जाणीवपूर्वक मिटवली गेली. मेइजी काळात सरकारने मोठे पगार देऊन परदेशी प्राध्यापक आणले, ते आपापल्या भाषांतून शिकवत. पण युरोपात शिकून आलेली जपानी माणसे एकेक करून त्यांच्या जागी बसवली गेली आणि दोन-तीन दशकांत उच्च शिक्षण जपानीत आले. तोक्योच्या शाही विद्यापीठात १९०३ मध्ये परदेशातून आलेल्या लाफ्काडिओ हर्न यांच्या जागी युरोपात शिकून परतलेले नात्सुमे सोसेकी इंग्रजी साहित्य शिकवू लागले, ती याच बदलाची एक पायरी. हे सारे महाराष्ट्राला परके नाही. १९१५ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या हाती तोक्योच्या जपानी महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ उभे केले. स्त्रियांना त्यांच्या मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा आग्रह हा त्या विद्यापीठाचा पाया होता. कर्व्यांना ज्या व्यवस्थेने प्रेरणा दिली, तीच व्यवस्था आज आपल्या विद्यार्थ्यापुढे उभी आहे. तिचे सामर्थ्य समजून घ्यायचे असेल, तर एकच उदाहरण पुरे. २००८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या तोशिहिदे मास्कावा यांनी स्टॉकहोममधले आपले नोबेल व्याख्यान जपानीत दिले. विज्ञानाच्या सर्वोच्च टोकापर्यंत जपानीतून जाता येते, अशा समाजात इंग्रजी अभ्यासक्रम हे एक बेट असते. बेटाच्या कडेला पोहोचल्यावर जपानी सुरू होते.

ही कड फार दूर नसते. जपानी पदव्युत्तर शिक्षणाचे केंद्र वर्गात कमी आणि प्राध्यापकाच्या ‘केनक्युशित्सु’त, म्हणजे त्याच्या संशोधनगटात जास्त असते. विद्यार्थी विद्यापीठात प्रवेश घेतो तेव्हा खरे तर तो एका प्राध्यापकाच्या गटात प्रवेश घेत असतो. तिथे दर आठवड्याला ‘झेमी’ होते आणि प्रत्येकजण आपल्या कामाची मांडणी करतो. आधी आलेले ‘सेम्पाई’ नव्या ‘कोहाई’ला यंत्र कसे चालवायचे, नोंदी कशा ठेवायच्या, कोणते रसायन कुठे टाकायचे हे शिकवतात. परदेशी विद्यार्थ्याची मांडणी इंग्रजीत ऐकून घेतली जाते, प्रश्नही इंग्रजीत विचारले जातात. पण त्यानंतर चहाच्या टेबलावर होणारी चर्चा, एखादा प्रयोग का फसला याची आपसातली कारणमीमांसा, पुढच्या प्रकल्पात कोणाला घ्यायचे याची कुजबुज जपानीत चालते. ज्याला ती कळत नाही, त्याला पदवी मिळते, पण गटाचे शहाणपण त्याच्या वाट्याला येत नाही. विद्यापीठाबाहेर अडचण आणखी उघड असते. जपानच्या कायदा मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात घर शोधलेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्के लोकांनी परदेशी असल्यामुळे घर नाकारले गेल्याचे सांगितले. भाषा आल्याने हा भेदभाव संपत नाही, हे मान्यच आहे. पण घरमालकाला फोन करून स्वतः बोलणारा आणि मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहत बसणारा यांच्या वाट्याला येणारे पर्याय सारखे नसतात. पत्ता ठरल्यावर चौदा दिवसांत नगरपालिकेत नोंद, राष्ट्रीय आरोग्य विमा, वीस वर्षांवरच्यांसाठी निवृत्तिवेतन योजनेची नोंद आणि विद्यार्थी म्हणून त्यातून सवलतीचा अर्ज, हे सारे पहिल्या काही आठवड्यांत करावे लागते आणि तिथेही भाषेवाचून अडते.

तरी माझ्या मते भाषेची सर्वात कडक परीक्षा नोकरीच्या वेळी होते, आणि तिचे वेळापत्रक आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते. जपानी कंपन्या नवे पदवीधर एकगठ्ठा घेतात आणि ते एप्रिलमध्ये रुजू होतात. या भरतीच्या धावपळीला ‘शूकात्सु’ म्हणतात. ठरलेल्या चाकोरीप्रमाणे आदल्या वर्षीच्या १ मार्चला कंपन्यांची माहितीसत्रे सुरू होतात, १ जूनपासून मुलाखती आणि १ ऑक्टोबरला औपचारिक नियुक्तीपत्रे. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या त्याआधीच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्येच माणसे हेरून ठेवतात. आता एखादी विद्यार्थिनी दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी एप्रिलमध्ये क्योतो किंवा सेंदाईला पोहोचली असे धरू. तिची पदवी तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये पूर्ण होणार. म्हणजे अधिकृत माहितीसत्रे सुरू होतात तेव्हा तिला येऊन अकरा महिने झालेले असतील आणि उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज तर दोन-तीन महिन्यांतच भरावे लागतील. तेही जपानीत, कारण अर्ज, ‘एसपीआय’ ही कलचाचणी, गटचर्चा आणि मुलाखती बहुतेक ठिकाणी जपानीतच होतात. ती जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या ‘एन-५’ या सर्वात खालच्या पातळीची तोंडओळख घेऊन आली असेल, तर या अकरा महिन्यांत तिला संशोधन, परीक्षा, घरकाम आणि कंपनीत उपयोगी पडेल एवढी भाषा एकाच वेळी उभी करायची आहे. तिच्याच गटातल्या चिनी विद्यार्थ्याला चिनी अक्षरांवरून आलेली कांजी लिपी लहानपणापासून ओळखीची असते. ‘एन-३’ घेऊन आलेली विद्यार्थिनी याच अकरा महिन्यांत ‘एन-२’पर्यंत जाऊ शकते आणि बऱ्याच कंपन्या परदेशी उमेदवाराकडून किमान तेवढी अपेक्षा ठेवतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी सहा महिन्यांची आणि पुढे वाढवून एकूण वर्षभराची मुभा मिळते, पण चाकोरीतली भरती तोवर पुढे निघून गेलेली असते.

‘शिका आणि कमवा’ अशा जाहिरातींना भुलणाऱ्यांसाठी तर भाषा हे संरक्षणाचे साधन आहे. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते, मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांपर्यंत. २०२४ मध्ये देशभरातल्या किमान वेतनाची सरासरी तासाला १,०५५ येन होती. म्हणजे पूर्ण २८ तास भरले तरी चार आठवड्यांचे साधारण १,१८,००० येन होतात. एवढ्यात जेमतेम राहण्या-जेवण्याचा खर्च निघतो, शुल्क आणि कर्जाचा हप्ता निघत नाही. भाषा येत असेल तर दुकान, उपाहारगृह किंवा विद्यापीठाच्या कचेरीतले काम मिळते आणि तिथे बोलण्याचा सरावही होतो. न येणाऱ्याला रात्रपाळीत जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात किंवा गोदामात माल निवडण्याच्या कामावर उभे राहावे लागते आणि सकाळी वर्गात झोप अनावर होते. यातून काय घडते ते २०१९ मध्ये साऱ्या जपानने पाहिले. तोक्योतल्या एका खासगी विद्यापीठात तीन वर्षांत १,६०० हून अधिक परदेशी विद्यार्थी बेपत्ता झाल्याचे उघड झाले. त्यांतले बहुसंख्य पदवीपूर्व तयारीच्या अभ्यासक्रमात नाव घातलेले होते. प्रवेश देणारी संस्था आणि पाठवणारे मध्यस्थ यांची जबाबदारी मोठी आहेच, पण ज्याला आपल्या करारावरचा मजकूरही वाचता येत नाही, त्याला फसवणे सर्वात सोपे असते.

दुसरा आक्षेप असा, की भाषा तिथे गेल्यावरच पक्की होते, मग इथे दोन वर्षे कशाला घालवायची? ऐकण्याबोलण्याचा सराव तिथे वेगाने होतो, हे निर्विवाद. पण लिपी, व्याकरणाचा सांगाडा आणि पहिले काही हजार शब्द यांना वातावरणापेक्षा बैठक लागते. जपान सरकार स्वतः काय करते ते पाहावे. मेक्स्टची पदवी शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या, कडक निवडीतून आलेल्या मुलांनाही सरकार थेट विद्यापीठात बसवत नाही. आधी एक पूर्ण वर्ष त्यांना तोक्योच्या परकीय भाषा विद्यापीठात किंवा ओसाका विद्यापीठात भाषा आणि विषयांची तयारी करायला लावते. संशोधक विद्यार्थ्यांसाठीही सहा महिन्यांच्या भाषावर्गाची सोय असते. स्वखर्चाने जाणाऱ्याला हे वर्ष कोणी देत नाही. त्याने भाषाशाळेत नाव घातले तर शुल्क, घरभाडे आणि जेवण येनमध्ये भरत तो कांजी गिरवतो. तीच कांजी पुण्यात, कोल्हापुरात किंवा पणजीत घरी राहून गिरवता येते.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ओकिनावातल्या ‘ओइस्ट’ या संशोधन विद्यापीठाची भाषाच इंग्रजी आहे आणि तिथले बहुतेक पीएचडी विद्यार्थी परदेशी आहेत. मूलभूत विज्ञानात पीएचडी करून पुढे जर्मनीला किंवा मायदेशी जाणाऱ्याला जपानी आली नाही, तरी त्याचे संशोधन अडत नाही. हे मी मान्य करते, आणि अशा विद्यार्थ्याने भाषेपेक्षा आपला संशोधन आराखडा आणि प्रबंध यांवर वेळ घालवावा असेच म्हणेन. पण महाराष्ट्रातून जाऊ पाहणाऱ्यांत मोठा वर्ग यंत्र, विद्युत, संगणक, वाहन या शाखांतल्या आणि तिथेच काही वर्षे नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलामुलींचा आहे. त्यांच्यासाठी हा अपवाद नियमाचे काम करू शकत नाही. भाषांतर करणाऱ्या मोबाइल ॲपबद्दलही असेच. नगरपालिकेचे पत्र किंवा औषधाची पट्टी वाचायला ते उत्तम आहे आणि ते वापरावेच. पण गटचर्चेत सहाजण बोलत असताना कोणी कोणाचा मुद्दा सौम्य शब्दांत खोडून काढला, हे ॲप सांगत नाही. मुलाखतीत तर ते हातात धरताच येत नाही.

मग ही भाषा किती अवघड आहे? अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांसाठी जपानीला सर्वात कठीण गटात ठेवते आणि २,२०० तासांच्या अध्यापनाचा अंदाज देते. मराठी माणसाला हा आकडा जसाच्या तसा लागू करण्याचे कारण नाही. जपानी वाक्यातही कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद येते. नामाला मागून प्रत्यय लागतात. ‘मी पुस्तक वाचते’ हे वाक्य शब्दांचा क्रम न बदलता जपानीत ठेवता येते, इंग्रजी माणसाला त्यासाठी डोक्यातले सारे वाक्य उलटवावे लागते. ‘तू, तुम्ही, आपण’ यांच्या पायऱ्या जन्मापासून वापरणाऱ्याला जपानी आदरार्थी रूपांमागचा विचार परका वाटत नाही, रूपे पाठ करावी लागतात एवढेच. आणि हिरागाना या जपानी अक्षरलिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असा का चालतो, हे वर्णमाला शिकलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. तो क्रम बौद्ध पंडितांबरोबर पोहोचलेल्या संस्कृत वर्णविचाराचा ठसा आहे. खरा डोंगर कांजीचा. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत आणि त्यांना जवळचा रस्ता नाही, रोज थोड्या गिरवाव्या लागतात. म्हणूनच दोन वर्षे हवीत, दोन महिन्यांची धावपळ उपयोगाची नाही.

इथे जेएलपीटी परीक्षेबद्दल स्पष्ट बोलायला हवे. १९८४ मध्ये सुरू झालेली आणि २०१० पासून एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्यांवर घेतली जाणारी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा असलेल्या पुण्यात तर तिच्या तारखांवर घराघरातले वेळापत्रक ठरते. पण या परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही आणि स्वतः लिहिण्याचीही नाही. सगळे प्रश्न बहुपर्यायी आहेत. त्यामुळे ‘एन-३ झाली’ असे सांगणारा विद्यार्थी स्टेशनवर रस्ता विचारताना गोंधळतो, असे घडू शकते. क्लासही साहजिकच परीक्षेला बसवण्यात वाकबगार होतात. प्रमाणपत्र हवेच, कारण विद्यापीठ आणि कंपनी ते मागतात. पण आठवड्यातले काही तास मोठ्याने वाचणे, ऐकलेले परत सांगणे आणि आपल्याच विषयावर पाच मिनिटे बोलणे यांना राखून ठेवले नाहीत, तर दोन वर्षांची मेहनत कागदावरच राहील.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीसमोर हा काळ कसा उलगडतो? दुसऱ्या वर्षात कधीतरी भाषा सुरू व्हावी. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत ‘एन-४’ झाली, तर चौथ्या वर्षाअखेर किंवा त्यानंतरच्या जुलैमध्ये ‘एन-३’ हे कष्टाळू विद्यार्थ्याच्या आवाक्यातले लक्ष्य आहे. दूतावासामार्फतची मेक्स्ट निवड साधारण वसंतात सुरू होते, लेखी परीक्षा आणि मुलाखती होतात आणि निवडलेला विद्यार्थी पुढच्या वर्षी जातो. म्हणजे अर्ज आणि प्रयाण यांतच वर्ष जाते. त्याआधी प्राध्यापक शोधायचा असतो. त्याचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचून, आपल्याला त्यातले काय पुढे न्यायचे आहे हे एका पानात मांडून पत्र लिहावे लागते. शंभर प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवणाऱ्यांना उत्तर येत नाही आणि ते येऊही नये. बीएस्सी, बीकॉम, बीए करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधी तपासावी. पदव्युत्तर प्रवेशासाठी एकूण सोळा वर्षांच्या शिक्षणाची जुनी अट आहे आणि बारावी अधिक तीन म्हणजे पंधराच वर्षे होतात. अलीकडे नियमात तीन वर्षांच्या परदेशी पदवीसाठी वाट केली आहे, पण विद्यापीठागणिक अंमलबजावणी वेगळी असते, काही ठिकाणी वैयक्तिक पात्रता-तपासणी होते. नव्या शैक्षणिक धोरणातला चौथ्या वर्षाचा पर्याय अशा विद्यार्थ्यांना थेट उपयोगी पडू शकतो. आपले निकाल जून-जुलैत लागतात आणि जपानी वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मधले नऊ महिने मुले ‘गॅप’ म्हणून घाबरतात. भाषेसाठी त्याहून चांगला काळ सापडणार नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वात अस्वस्थ करतो. दोन वर्षे क्लास लावणे पुण्या-मुंबईच्या मुलांना जमते. जालना, गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या मुलीने काय करायचे? शिक्षक नाही, परीक्षाकेंद्र दूर, आणि घरातून सारखा एकच प्रश्न, की याने नोकरी मिळेल का. भाषेची अट पुढे केली तर जपानही पुन्हा शहरी मुलांचाच होईल, ही भीती खरी आहे. पण अट लपवल्याने ती नाहीशी होत नाही. उलट जिच्याकडे माहिती नाही तीच मुलगी इंग्रजी अभ्यासक्रमाच्या भरवशावर, डोक्यावर कर्ज घेऊन जाते आणि अकरा महिन्यांच्या त्या शर्यतीत मागे पडते. सुरुवातीचा बराच रस्ता आज फुकट चालता येतो. एनएचके वर्ल्डचे जपानी पाठ हिंदीतूनही ऐकता येतात, जपान फाउंडेशनने ‘इरोदोरी’सारखी पाठ्यपुस्तके ध्वनिफितींसह मोफत ठेवली आहेत. मात्र एकटीने मोबाइलवर शिकणारी मुलगी तिसऱ्या महिन्यात थांबते, कारण चुका दाखवणारे कोणी नसते. इथे महाविद्यालयांनी पुढे यायला हवे. नव्या श्रेयांक-व्यवस्थेत इतर विद्याशाखेतला विषय घेण्याची सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चार-पाच महाविद्यालयांनी मिळून पुण्यातला एक शिक्षक ऑनलाइन नेमला आणि जपानीला सलग चार सत्रे श्रेयांक दिले, तर त्या मुलीच्या वेळापत्रकात भाषेला हक्काची जागा मिळेल आणि घरी सांगायला गुणपत्रिकेवरचा एक आकडाही. सामंजस्य करारांवर सह्या करण्यासाठी विद्यापीठांची शिष्टमंडळे जपानला जातात, त्या खर्चाच्या तुलनेत हे काम फार महाग नाही. जून महिन्यात दुसऱ्या वर्षाचे विषय ठरतात तेव्हाच ते सुरू व्हायला हवे, कारण त्या सत्रात बसलेली मुलगी पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘एन-४’च्या बाकावर बसू शकते.